आडवा आठ

हसुराम मढवींनी लेन्स काढून दिली
ती मिठाईच्या खोक्यातून, सुती फडक्यात गुंडाळलेली.
घणसोलीचं त्यांचं दुकान आता मोबाइल कव्हरांचं,
मागच्या भिंतीवर मात्र तो निळा पडदा,
अर्धा फाटलेला,
कोणी काढलाच नाही.

अठ्ठावन्न मिलिमीटर. स्क्रूचे आटे.
काचेच्या कडेला बुरशीचं झाड,
झाड कसलं, केसाएवढी फांदी.
फोकसची रिंग सगळीकडे कोरडी, करकरणारी,
फक्त पाच फुटांपाशी लोण्यासारखी.
तेवीस वर्षं तिथेच फिरली होती,
बोटभर इकडे, बोटभर तिकडे.
समोर स्टूल, स्टुलावर माणूस.
बेलापूर पट्टीतल्या कंपन्यांचे गेटपास,
गेलेल्या जमिनींच्या कागदांना लावायचे फोटो,
तीन प्रती,
कान दिसले पाहिजेत.

माझा कॅमेरा फुल-फ्रेम, चौदा हप्ते बाकी.
पितळी अ‍ॅडॉप्टरवर लेन्स आवळली
तर स्क्रीनवर आलं : लेन्स जोडलेली नाही.
मनगटाला तिचं वजन कळत होतं,
कॅमेऱ्याच्या लेखी तिथे नुसतंच भोक.
मेनूत शिरून त्याची समजूत काढावी लागली,
बाबा रे, नसली तरी उघड.

संध्याकाळी ऐरोलीला, खाडीवर.
ओहोटी. चिखलात फ्लेमिंगो.
रिंग शेवटपर्यंत नेली, त्या आडव्या आठापर्यंत,
तरी पक्षी विरघळलेलेच,
पाण्यात गुलाल सांडावा तसे.
अनंत म्हणून जे कोरलंय लेन्सच्या गळ्याशी
ते थोडक्यात हुकत होतं.

राबोडीत मुनाफ मुकादम घड्याळं दुरुस्त करतात, लेन्सही.
अ‍ॅडॉप्टर त्यांनी कॅलिपरमध्ये धरला.
"जाड आहे. पोस्टकार्डाएवढा.
सपाट काचेवर पॉलिश पेपर लावून घासतो, अनंत मिळेल.
पण बेतानं. जास्त घासला
तर अनंताच्याही पलीकडे जाईल."
"पलीकडे काय असतं?"
"काही नाही, मॅडम. परत धूसर."

रविवारी टाकते म्हटलं.

शनिवारी हसुरामना दाखवायला नेला.
त्यांनी कॅमेरा उलटासुलटा केला,
आडव्या आठावरून नख फिरवलं.
"यो त कदी लागलाच नाय मना."
मग उजवी पापणी वर ओढून दाखवली,
"वाशीला बसवली. जुने खोक्याला नवी काच.
तुजा उल्टा हाय."

स्टूल होतंच, त्यावर चार्जरांचा खोका.
तो मी खाली ठेवला.
निळ्या पडद्यापुढे ते बसले,
न सांगता हनुवटी किंचित खाली, दोन्ही कान दिसतील असे.
"तुमचे फोटो कोण काढायचं?"
"बायको. डोकाच कापाची."

रिंग पाच फुटांशी आली आणि मऊ झाली.
फोकसची तांबडी रेघ कॉलरवरून वर सरकली,
मिशीत अडकली,
भुवईवर जरा जास्तच रेंगाळली,
मग मागे आली, डोळ्यात,
जिथे ती दुसरी काच,
आणि थरथरत राहिली.
मी श्वास धरला.
त्यांनी तर केव्हाचाच धरला होता,
गिऱ्हाइकांना सांगायचे तसा.

घरी फाइल उघडली.
लेन्स : कोरं.
अ‍ॅपर्चर : शून्य.
कोऱ्या जागेत मी हाताने टाईप केलं,
हसुराम मढवी, घणसोली, पाच फूट.
मग 'पाच फूट' खोडलं. मग परत लिहिलं.

अ‍ॅडॉप्टर अजून घासायला दिलेला नाही.
मुनाफभाईंचा फोन येऊन गेला दोनदा.
फ्लेमिंगो मेपर्यंत असतात म्हणे.
बघू.