दाराआडचं बटण

पहिला महिनाभर मी फक्त पंखे मोजले.
शाहूपुरीतलं चार मजल्यांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल,
अजून कागदावरचं,
त्यात एकशे बारा पंखे. दुसऱ्यांदा मोजले, एकशे नऊ.
शिरगुप्पे सर म्हणाले, "तीन कुठं उडाले, बघ."
मी म्हणालो, "बघतो सर."

पुण्याच्या आर्किटेक्टबाई फोनवर थबकल्या,
"बघतो? मगाशी मुलगी बोलत होती ना?"
मुलगीच आहे. आमच्या कुंभार गल्लीत
पोरी येतो म्हणतात, जातो म्हणतात,
आणि येतात, जातात.

सर शिकवतात ते चहा निवेपर्यंत.
"घरात माणसं किती?"
"सात."
"सगळी एकदम बोलतात काय?"
"बोलतात सर."
सर हसले नाहीत. पेन्सिल कानावर खोचून म्हणाले,
"बाकीच्यांच्यात बोलत नाहीत. म्हणून
जोडलेला भार वेगळा, लागणारा भार वेगळा.
शून्य पूर्णांक सहानं गुण."
त्या रात्री जेवताना मी नीट ऐकलं:
काकू, दोघं भाऊ, टीव्ही, कुकर, पप्पांचा फोन.
कुणीही सहानं गुणलं जात नव्हतं.

साइटवर इलाहीभाई मुजावर.
माझा कागद त्यांनी उन्हात धरला,
उलटा केला, परत सुलटा केला.
"पोरी, तुझा पाइप बीममधनं चाललाय."
बीम तिथं होताच. माझ्या कागदावर नव्हता.
"कागदाला शॉक बसत नाही," म्हणाले,
आणि लाल खडूनं माझी रेघ
बीमला वळसा घालून पलीकडं नेली, एका दमात,
पट्टी न लावता.
माझ्यापेक्षा सरळ होती.
हे मी सरांना सांगितलेलं नाही.

दुसरी चूक दारानं काढली.
खोली नंबर दोनशे चार. दार आत उघडतं,
आणि बटणांचा बोर्ड नेमका दाराआड.
म्हणजे रात्री अडीचला नर्सबाई येणार,
दार उघडणार, आत शिरणार, दार परत लोटणार,
भिंत चाचपणार,
मग उजेड.
तेवढ्या वेळात त्या खोलीत काय काय होऊ शकतं
त्याचं कोष्टक कुठल्याच पुस्तकात नाही.
सरांनी काही बोलले नाही, नुसता गोल केला.
गोल मोठा होता.

मग मेन पॅनेल.
मी ते जिन्याखाली काढलेलं, केबल वाचते म्हणून.
आमच्या घरात भिंतीवर निळ्या ऑइल पेंटची आडवी रेघ आहे,
पाणी उतरल्यावर पप्पांनी मारलेली, शेजारी तारीख.
मीटर तिच्या चार बोटं खाली.
अजून खालीच.
हे रोज बघून मला कधी काही दिसलं नव्हतं.
शनिवारी साइटसमोरच्या पानपट्टीवाल्याला विचारलं,
"मामा, इथं कुठवर आलतं?"
त्यानं चुना लावता लावता
हात छातीवर आडवा धरला.
बोटाचा चुना शर्टाला लागला.

सोमवारी मी पॅनेल पहिल्या मजल्यावर नेलं.
"केबल अकरा मीटरनं वाढली," सर म्हणाले. "कुणाला विचारलंस?"
"पानपट्टीवाल्याला."
आता हसले.
"मग व्होल्टेज ड्रॉप परत काढ. सगळ्या सर्किटांचा. आज."

सगळी म्हणजे एकोणचाळीस.
सात हजारांत महिना, त्यात हा एक सोमवार.
तिसाव्या सर्किटाशी उद्यमनगरातली शिफ्ट सुटली,
सायकली, हॉर्न, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत गेलं.
पस्तिसाव्याला एक जागा चुकली, केबल एक साइज वाढवली.
कोपऱ्यातल्या चौकटीत नाव घातलं:
काढणार, सु. चौगुले.
तपासणार, रिकामं.

साडेनवाला घरी आलो.
दार ढकललं. अंधार.
डावा हात आपला आपण दारामागं गेला,
खुंटीवरची छत्री बाजूला सारून,
जिथं आमचं बटण आहे, मी जन्मायच्या आधीपासनं.
हात तिथंच थांबला.

"दिवा लाव की," आई आतनं म्हणाली. "काय करायलीस अंधारात?"
"हे बटण इथं कुणी काढलंतं गं?"
"कुठं?"
"दाराआड."
आई जरा गप्प झाली.
"म्हणजे? बटण दाराआडच असतंय की."