आधीपासून

वजनकाट्याजवळ सकाळीच बॅनर लागलं : आरोग्य पंधरवडा.
त्याखाली मोड आलेल्या मटकीचं पातेलं,
आणि रोलिंग शेडमधून आणलेली माणसं
सतरंजीवर, जालन्याच्या मे महिन्यात,
श्वास आत घ्या, बाहेर सोडा.

मी टाइम ऑफिसात. पुढ्यात एकशे चौऱ्याऐंशी फॉर्म,
सगळ्यात खाली माझा.
रकाना सहा : अवलंबित व्यक्ती.
आई चालते, सासू चालत नाही.
बहीण नाही, नवऱ्यानं टाकलेली असली तरी.
"म्हैस लिवा मॅडम," उत्तम हिवाळे म्हणाला,
"म्हंजी तिच्यावर आम्हीच अवलंबून."

रकाना नऊ : आधीपासूनचे आजार.
"आधीपासून म्हंजी कव्हापासून?" लिंबाजी खरातनं विचारलं.
पॉलिसीच्या आधीपासून. एक एप्रिल.
"मंग मपलं समदं एप्रिलनंतरचंच लिवा."

कानाची तपासणी पांढऱ्या गाडीत.
एक खुर्ची, हेडफोन, हातात बटण,
आवाज आला की दाबायचं.
नांदेडहून आलेली पोरगी आवाज सोडायची
तेव्हा तिच्या भुवया किंचित वर जायच्या.
तिला ते माहीत नव्हतं.
लिंबाजीला दुसऱ्याच मिनिटाला कळलं.
सतरा वर्षं लाल सळईच्या पुढ्यात
माणसांचे ओठ, खांदे, तळवे वाचत काढलेला गडी.
खाली उतरला तो हातात चिठ्ठी घेऊन : नॉर्मल.

पगाराच्या दिवशी तो खिडकीशी उभा राहून
टक लावून माझ्या तोंडाकडे बघायचा.
सुरुवातीला मी ओढणी सावरायचे.
मग एकदा रजिस्टरात मान घालून बोलले,
तर मी वर बघेपर्यंत तो तसाच थांबून राहिला,
सही न करता.

म्हणून गाडीपाशी गेले. पोरीला म्हटलं,
त्यांना परत बसव, आणि खुर्ची फिरव.
लिंबाजी पत्र्याकडे तोंड करून बसला.
बराच वेळ अंगठा हलला नाही.
मग तो अंदाजानं दाबायला लागला,
अंधारात कडी चाचपावी तसा,
कधी आवाज नसताना,
कधी आवाज विझून गेल्यावर.
बाहेर सतरंजीवर टाळ्या वाजवायचा व्यायाम चालला होता.

पत्र जूनमध्ये आलं, सव्वा पानाचं.
कानाच्या मशीनचा खर्च बसत नाही.
बहिरेपण हळूहळू येतं,
म्हणजे ते एक एप्रिलच्या आधीच निघालेलं असणार.
ठेकेदारानं त्याला सळईवरून काढून गेटवर बसवलं,
रोजाला एकशे दहा रुपये कमी.
प्रकृतीच्या काळजीपोटी, असं नोंदवहीत आहे.
अक्षर माझं आहे.

मी अपील टाकलंय. माळ्यावरून सतरा मस्टर काढलेत,
कडा उंदरांनी खाल्लेल्या,
प्रत्येक पानावर त्याची हजेरी.
रुजू होताना डॉक्टरनं लिहिलेला कागदही सापडला :
दोन्ही कान चांगले.
हे सगळं सांगायला गेले गेटवर,
तर त्यानं मान रस्त्याकडे वळवली.
बघितलं नाही की ऐकू येत नाही,
तेवढी एक सोय त्याच्याकडे आहे.
मीही मग रोज मुकाट आत जायला लागले.

काल मस्टरचा गठ्ठा छातीशी धरून
अंगण ओलांडत होते, झेरॉक्सला.
समोरून लिंबाजीनं तळवा उभा केला.
शेडमधली खूण ती : तापलेली येतीय, हलू नको.
मी जागच्या जागी थांबले.
भंगाराचा ट्रक मागं मागं येत
माझ्या खांद्यापासून हातभरावर उभा राहिला.
ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळून ओरडत होता.
शेडची घरघर चालू होती, नेहमीसारखी,
आणि मी त्याच्या ओठांवरून वाचलं :
कव्हापासून हॉर्न मारायलो, बाई.