निर्मितीचं साल

फॉर्मात एक रकाना आहे: बनावट कुठली, साल कोणतं.
भाऊकाका गेले, बंदूक माझ्या नावावर यायची आहे,
तोवर ती कुणाचीच नाही, ठाण्याच्या हिशेबाने.
जुन्या चादरीत गुंडाळली, ठाण्याची चिठ्ठी पर्समध्ये,
आणि कंपूहून टेम्पोत बसले
तिला दोन गुडघ्यांत उभी धरून.
शेजारच्या बाईने विचारलं, तानपुरा है क्या?
ग्वाल्हेरच शेवटी. मी हो म्हटलं.

दौलतगंजात मुस्तकीम मिस्त्रींचं दुकान.
पाटी वडिलांच्या वेळची, शस्त्रांची;
काउंटरवर कुकरची झाकणं, शिलाई मशीनचं एक चाक.
त्यांनी चादर सोडली आणि आधी हुंगलं.
बिटिया, ये तो पूजाघर है.

सत्तर दसऱ्यांचं कुंकू, खोबरेल, झेंडूचा चिकटा
नळीच्या मुळाशी थर धरून बसलेला.
त्याच थरावर हात ठेवून भाऊकाका दरवर्षी सांगत:
खास विलायतेची. साहेबाने स्वतः दिली आजोबांना,
शिवपुरीच्या रानात वाघ लोळवला त्या संध्याकाळी.
आम्ही पोरं हातात आपट्याची पानं घेऊन
पाया पडायचो लोखंडाच्या.

रॉकेल. जुना टूथब्रश.
लाल पाणी वर्तमानपत्रावर उतरत गेलं
आणि खालून निघाला एक मुकुट, एक साल, एक नाव.
अठराशे एक्क्याऐंशी! मनातल्या मनात मी रकाना भरूनही टाकला.
मिस्त्री बोलले नाहीत,
नुसतं भिंग सरकवलं माझ्याकडे.
एनफिल्ड.
त्यातला एन उलटा.

एकतीस वर्षं मी पहिलीला शिकवलं.
तीन उलटा काढणारं मूल मला पाठमोरंही ओळखू येतं.
त्याला तीन माहीत नसतो, फक्त दिसतो,
ते लिहीत नसतं, चित्र काढत असतं.
हाही तसाच कुणी. सरहद्दीकडच्या डोंगरातला लोहार,
समोर अस्सल माल ठेवून, उकिडवा बसून, कानशीने
एकेक रेघ उतरवत गेला,
मुकुटाचे मणी मोजून, आणि सालसुद्धा.
म्हणजे साल खरं, पण हिचं नव्हे.
माझी बोटं सवयीने लाल पेन चाचपू लागली.

साहब लोग नकल क्यों देंगे इनाम में?
असं पुटपुटत मिस्त्रींनी कुंदा उजेडाकडे वळवला,
अंगठा फिरवला लाकडाच्या उजव्या अंगावरून.
तिथे एक खळगा.
गाल टेकवून टेकवून झिजलेला, घासून नव्हे,
उंबरठा झिजतो तसा.
बाएं हाथ का आदमी था, म्हणाले. बरसों चलाई है.

आजोबा उजवे.
फोटोतही उजव्याच खांद्यावर आहे ती
आणि बूट वाघाच्या मानेवर.
त्याच फोटोच्या कडेला, अर्धा कापला गेलेला,
एक सहरिया उभा आहे,
धोतर गुडघ्यांच्या वर, डाव्या हातात कुऱ्हाड.
मागच्या बाजूला पेन्सिलीने साहेबाचं नाव, आजोबांचं नाव,
वाघाची लांबी, फूट आणि इंच.
लहानपणी मला तो माणूस
फ्रेमचाच भाग वाटायचा.

तो, क्या लिखूं? मिस्त्रींनी कागद पुढे ओढला.

मी बंदूक उचलली. वाटली होती त्याहून जड.
आयुष्यात पहिल्यांदा खांद्याला लावली, उजव्या,
मान कलती केली.
माझ्या गालाला सपाट, गार लाकूड लागलं,
रॉकेलचा वास असलेलं.
खळगा पलीकडे राहिला,
रस्त्याच्या बाजूला, उघडा.