खिसा बाहेरच्या बाजूला

दिवसभर मी शाळांचे गणवेश शिवते.
खिशाला दीड रुपया, नेफ्याला दोन.
निळ्या पँटींचे गठ्ठे टेम्पोत चढतात,
अक्कलकोट रोडने कुठल्या कुठे जातात,
त्या पोरांचे गुडघे मला दिसत नाहीत.

पायाच्या टोकाशी कापड थोडं उरतं.
कोंड्याल मास्तर म्हणतात, बोटभर दुमड पुरे,
बाकीला कात्री लाव.
मी मान हलवते
आणि तीन बोटं आत दुमडते.
एवढीच माझी चोरी.

रात्री पिशव्या.

विडी घरकुलातल्या बायका आणून टाकतात
विटलेलं, उसवलेलं, अंगाला न येणारं.
"बघ गं रजमणी, यातून काय निघतंय का."
निघतंच की.
परकराच्या घेरातून तीन निघतात,
पँटीच्या एका पायातून एक.
जुन्या चादरीचा तुकडा तळाला लावला
तर पाच किलो ज्वारी घाला,
शिवण हूं की चूं करत नाही.

आई म्हणायची संचि.
शेजारची महादेवी चीला म्हणते.
गिऱ्हाईक म्हणतं पिशवी, आणि भाव पाडतं.
मशीन तिघींशी एकाच आवाजात बोलतं.

मंगळवार बाजारात आमची गल्ली
माझ्याआधी पोचलेली असते.
पेंटप्पाची पँट शेवग्याच्या शेंगा घेऊन निघालेली,
गौसभाईंची चौकड्याची लुंगी
अंडी सांभाळत, जपून.
कस्तुराबाईच्या लुगड्यातून मेथी डोकावते
आणि कस्तुराबाई स्वतः
पलीकडच्या पालावर वांग्यांवरून भांडत असते,
तिला पत्ताच नाही.

गेल्या पंधरवड्यात बोहारीण आली.
डोक्यावर स्टीलची पातेली, पाठीवर गाठोडं.
तिचं तिलाही आठवत नव्हतं
कुठला कपडा कुठल्या गावचा.
किलोच्या भावाने घेतलं, ओट्यावर सोडलं,
तर मध्येच एक निळी पँट.

निळ्या पँटी हजार असतात.
पण खिशाच्या कोपऱ्याला
तीन टाके उलटे, त्यातला शेवटचा तिरपा.
माझं मशीन तिथे अडखळतं,
अकरा वर्षं झाली.

मी दिव्याखाली धरली.
एका गुडघ्यावर कापड इतकं झिजलेलं
की पलीकडची भिंत दिसावी.
दुसऱ्यावर ठिगळ, हाताने लावलेलं,
हिरव्या दोऱ्याने.
निळा नसेल मिळाला त्या घरात,
किंवा संध्याकाळ झाली असेल
आणि दोरा कळला नसेल.

आणि खाली
दुमड दोनदा सोडलेली.
जुन्या घडीच्या दोन पांढऱ्या रेघा,
एकीखाली एक.
बोटं लावून पाहिली. तीन.
म्हणजे जून आला,
दुसरा जून आला,
पोरगं वाढत गेलं
आणि कापड पुरलं.

खिशात बसपाळीतली धूळ आणि एक चिंचोका,
एका बाजूने घासून पांढरा केलेला.

त्या रात्री नळ आला तरी मी उठले नाही.
पँटीची पिशवी केली.
खिसा बाहेरच्या बाजूला ठेवला, सुट्ट्या पैशांना.
ठिगळही बाहेरच.
बंद नेफ्याचेच काढले, दुहेरी.

ठेवून घ्यावीशी वाटली होती, खोटं कशाला.
पण मंगळवारी विकली, चाळीस रुपयांना.
घेणारी म्हणाली, बाई, बाकी झकास,
हे हिरवं तेवढं उसवून का नाही टाकलंत?
मी म्हटलं, ते मी घातलेलं नाही.
ती हसली. काय कळलं तिला कोण जाणे.
खांद्याला लावून कांद्याच्या ढिगाकडे गेली,
आणि खिशाचा तिरपा टाका
गर्दीत थोडा वेळ दिसत राहिला.

चिंचोका दिला नाही.
तो मशीनच्या खणात आहे, बॉबिनांमध्ये.
खण ओढला की
खडखडतो.