दुसरी गाठ

विड्या वळून वळून नाक मेलं माझं.
चाळीस वर्षं मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
दिवसाला हजार,
त्यातल्या पन्नास कारखानदार नाकारायचा.
पान किती ओलं आहे ते बोटाला अजून कळतं.
वरण आंबलंय का,
ते मात्र कळत नाही.

वैशाखात आमच्या घरकुलातला पत्रा
दुपारी तव्याशी पैज लावतो.
तसल्या उन्हात
रात्रीची पुंडीची भाजी दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ली,
कडक भाकरीसोबत.
भाकरी महिनाभर टिकते, तिचा काही दोष नाही.
संध्याकाळी मी सिव्हिलमध्ये.
सलाइनच्या तीन बाटल्या,
आणि कॉटखाली पिकदाणी कुणाची तरी.

डॉक्टरीण नातीच्या वयाची.
म्हणाली, आजी, आता पोट पहिल्यासारखं भांडत नाही.
शिजवलेलं दोन तासांत फ्रीजमध्ये,
असल्या उन्हात तर तासाभरातच.
गरम करताना खळखळ उकळी येऊ दे,
नुसतं कोमट करून फसू नकोस.
आणि शंका आली तर टाकून दे.

टाकून दे म्हणे.
कारखाना दोन महिने बंद होता तेव्हा
भाताचं पाणी मीठ टाकून पाजलंय पोरांना.
वाडग्याला बोट फिरवल्याशिवाय
आमच्यात कुणी उठत नाही.
हे तिला सांगितलं नाही.
मान हलवली, गोळ्या घेतल्या,
रिक्षावाल्याला साठ रुपये दिले.

फ्रीज होता की घरात. भिवंडीच्या पोरानं पाठवलेला.
मी रात्री बटण बंद करायची, बिल वाचतं म्हणून.
आत रेशनकार्ड, लाइटची बिलं, सोन्याची एक फुली,
आणि खालच्या कप्प्यात
पाच दिवसांनी येणाऱ्या नळाचं पाणी, बाटल्यांत.
आता बटण चालू असतं रात्रभर.
घुरघुरतं. नवरा असाच घोरायचा.

आकडे वाचता येत नाहीत मला,
मोजता येतात.
म्हणून विड्या बांधायचा उरलेला दोरा काढला.
डबा आत जाताना एक गाठ.
सकाळी चहाआधी दुसरी.
दुसरी गाठ पडली की त्या दिवशी संपवायचं,
नाहीतर माती.
पहिल्यांदा अर्धी वाटी चारू मोरीत ओतला
तेव्हा हात थरथरला,
राजव्वा अक्का मागून बघतेय असं वाटलं.

गाठीनं भागत नाही अशा वेळी
शेजारची शिफा येते, तिसरीत आहे.
माझ्या नाकाची नोकरी तिला लागलीय,
पगार एक लिमलेटची गोळी.
डब्यावर वाकते, डोळे मिटते, फार गंभीर होते.
‘चालतंय की अज्जी.’
किंवा नुसतीच ओढणी नाकाला.

काल तिनं स्वतःहून वरची फळी दाखवली.
‘ते काय हाय?’
अक्काची बरणी.
आंब्याचं लोणचं, तिच्या हातचं शेवटचं,
त्यानंतर पावसाळ्यात ती गेली.
वर पांढरं आलं की मी चमच्यानं बाजूला सारायची
आणि खालचं खायची, थोडंथोडं,
पुरवून.
या बरणीला मी दोरा कधी बांधलाच नाही.
बांधला असता तर
हजाराच्या जवळ गेल्या असत्या गाठी.

शिफानं झाकण उघडलं
आणि मागं सरली.
काही बोलली नाही. पोरगी शहाणी.
गोळी न घेताच उभी राहिली दारात.

घंटागाडी साडेआठला येते.
तिची वाट बघत उंबऱ्यावर बसले, बरणी मांडीवर,
जिथं सूप असायचं तिथं.
गाडीतला माणूस म्हणाला, बरणी चांगली आहे मावशी, ठेवा.
मग तिथंच वाकून ओतलं.
फोडी आधी पडल्या, तेल सावकाश.

बरणी उकळत्या पाण्यानं धुतली दोनदा,
उन्हात पालथी घातली.
बोटांना तेल राहिलं होतं.
नाकाशी नेली बोटं.
काही नाही.
अक्का नाही, आंबा नाही,
तंबाखूसुद्धा नाही.

शिफाला म्हटलं, बघ गं,
कशाचा वास येतोय?
तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला
आणि बराच वेळ
हुंगत राहिली.