खालच्या स्वरातली खरखर

आर्डिथ कोल्स्टाडच्या घरी बूट दाराबाहेर,
टोपी खुंटीला,
आणि वाकताना सदरा वर सरकला
तर हळूच खाली ओढायचा; ही शिस्त माझी मीच लावून घेतलेली.
पियानो लावणारा माणूस दिवसातून चाळीसदा वाकतो.

पूर्व मोंटानात दोन घरांमध्ये साठ मैल गवत असतं,
म्हणून मी पिस्तूल बाळगतो.
म्हणजे, गवतासाठी नव्हे.
कशासाठी, ते कुणी विचारलेलं नाही.
झाकलंय तोवर सभ्य, असं बाप म्हणायचा,
पोटाबद्दल, कर्जाबद्दल, पिस्तुलाबद्दल.

तिनं पाहिलंच.
"ते पावाच्या डब्यात ठेव," म्हणाली,
ओली छत्री कोपऱ्यात ठेव म्हणावं तसं.
मी गोळ्या काढल्या, चेंबर दोनदा तपासलं,
नळी भिंतीकडे करून राईच्या पावाशेजारी ते निजवलं.
तिनं झाकण लावलं, कॉफी ओतली.
विषय संपला.

मग तीन तास नुसत्या तारा.
सगळं जुळत आलं, पण खालचा ई-फ्लॅट दाबला की
लाकडाच्या पोटात काहीतरी खरखरायचं,
कवळी न घातलेल्या माणसानं कुणाचं नाव घ्यावं तसं.
वरची तसबीर उतरवली. दिव्याची काच धरून ठेवली.
शेवटी पायांजवळची फळी काढली.
आत, ताटं पुसायच्या फडक्यात,
आयनारचं रिव्हॉल्वर.
सहाही घरं भरलेली.
आयनारला पुरून अकरा हिवाळे झाले.

ती आत बशा विसळत होती.
आपलं कुठे ठेवायचं ते बापानं शिकवलं होतं,
दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचं सापडलं तर काय,
ते राहून गेलं.
नाताळात इथे नातवंडं येतात, पियानोखाली लपतात.
मी गोळ्या खिशात टाकल्या,
फडकं होतं तसं गुंडाळलं,
खाली लाल नमद्याची पट्टी सरकवली, फळी लावली.
ही चोरी की उपकार, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

"झालं," म्हणालो.
ती हात पुसत आली, बसली,
स्तोत्राच्या दोन ओळी वाजवून त्या स्वराशी पोचली.
स्वच्छ.
पुन्हा दाबला. पुन्हा.
मग मान न वळवता:
"किती होत्या?"

"सहा."

बराच वेळ तिनं बोट उचललं नाही.
"मला वाटायचं, पाच असतील.
आमची कुत्री म्हातारी होती, चावायला लागली होती.
तो म्हणाला, आपली आपण निघून गेली.
मी काही ते खरं मानलं नाही.
मरेपर्यंत मानलं नाही."

रिकामं झालेलं घर पुन्हा भरता येतं,
हे मी बोललो नाही.
एवढी रीत मला कळते.

तिनं माझं पिस्तूल डब्यातून काढून दिलं,
दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं,
वर पावाचा तुकडाही दिला, वाटेसाठी.
मी बूट घातले.
पुढच्या घरापर्यंत कमरेशी
राईचे कण टोचत राहिले.