पिवळा बिल्ला

वीजबिलाच्या पाठीमागे यादी:
बारा मुलं. खोडलं. तेरा.
क्विनचा धाकटा भाऊही येणार म्हणे, नाही कसं म्हणायचं.
कलिंगडं दोन. बर्फ. सॉसेजेस.
ब्रॉनविनच्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, हे मोठ्या अक्षरांत.
पाण्याजवळ काचेचं काही नको.
पोहायचे कपडे भडक रंगाचे, निळे नकोत, हे सगळ्यांना कळवलं.
कुंपणाच्या फाटकाची कडी आपोआप लागते का
ते दहादा उघडून, सोडून बघितलं.
नवव्यांदा अडकली.
तेल घातलं. पुन्हा दहादा.

जानेवारी. स्पिअरवुड. नऊ वाजताच फरशी चटके देते.
दुपारी समुद्रावरून वारा येईल,
इथे त्याला डॉक्टर म्हणतात,
पण डॉक्टर कधी वेळेवर आलाय?

विचारलं होतं: मुलाला पोहता येतं का, खरं सांगा.
सगळ्या आया म्हणाल्या, थोडं थोडं.
थोडं थोडं म्हणजे
खांद्यापर्यंत, की नाकापर्यंत?

म्हणून बिल्ला केला, पिवळ्या पुठ्ठ्याचा,
बुटाच्या नाडीत ओवलेला.
ज्याच्या गळ्यात बिल्ला त्याने फक्त पाणी बघायचं.
फोन नाही, बिअर नाही, घरांच्या किमती नाहीत.
पंधरा मिनिटं. मग दुसऱ्याच्या गळ्यात.
नवरा म्हणाला, मेडल का हे?
म्हटलं, हो. जिंकायच्या आधीच मिळतं.

विशीत मी कौन्सिलच्या तलावावर शिट्टी घेऊन बसायचे.
तिथे एवढंच शिकले:
बुडणारं माणूस ओरडत नाही.
ओरडतात ती मजेत असतात.
गोंगाटात
गप्प जागा शोधायची.

तीन वाजता दिदांनी हात पुढे केला.
दिदा म्हणजे आजोबा, यांच्या बेटावरच्या बोलीत.
चाळीस वर्षं बोटीवर. क्रेफिश, वादळं, तुटलेलं एक बोट.
पोहता येत नाही.
पोहता आलं, म्हणतात, तर मरायला जास्त वेळ लागतो.
'आण तो बिल्ला.'
मी घुटमळले.
'बघायचंच काम आहे ना? बघता येतं मला.'
पालापाचोळा काढायची लांब काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली,
शिट्टी ओठांत धरली, आणि झाले दगड.

डोळ्यांत तेल घालून बघावं म्हणतात.
माझ्या डोळ्यांत सनस्क्रीन गेलं होतं.
चोळत होते, एवढ्यात
शिट्टी.

काठीचं टोक कोपऱ्याकडे.
निळ्या पाण्यात निळी चड्डी.
रिंग एकीकडे, बाओ एकीकडे,
हनुवटी वर, तोंड उघडं, आवाज नाही.
मी एप्रनसकट उडी मारली.
किती सेकंद? सहा, सात.
बाओ खोकला, रडला,
मग म्हणाला, सॉसेज संपले का?

त्याची आई मात्र बराच वेळ काही बोलली नाही.
नुसता टॉवेल घट्ट करत राहिली.
निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.
यादीत तेरावा मीच तर लिहिला होता.

केक कापला. शेंगदाणे नव्हते.
डॉक्टर साडेपाचला आला, सगळ्या कागदी प्लेटा उडवल्या.

आता सगळे गेलेत.
तेरा मुलं, उरलेले टॉवेल दोन, अनाथ चप्पल एक.
दिदा पँट दुमडून पहिल्या पायरीवर बसलेत.
रोकोने, आजच आठ वर्षांच्या,
बिल्ला स्वतःच्या गळ्यात घातलाय.
'उतरा दिदा. मी बघतोय.'
दुसरी पायरी.
कठड्याला धरलेली बोटं, नऊ, पांढरी पडलेली.
तिसरी.

मी काठी हातात धरून
दोन पावलांवर उभी. भांडी तशीच.
पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली.
बिल्ला कुणी मागत नाही.